पक्ष्यांची न्हाणी

बागेत पक्षी यावेत असं ज्यांना मनापासून वाटतं, ते बहुतेक जण दाण्यांपासून सुरुवात करतात. बाजरी, ज्वारी, तांदळाच्या कण्या, कधी पोळीचे तुकडे. पाण्याची आठवण होते ती मार्च उजाडल्यावर, आणि पहिला पाऊस पडला की ते भांडं कुठेतरी अडगळीत जातं. पुण्यातल्या सोसायट्यांच्या आणि बंगल्यांच्या बागा आखण्याचं, सांभाळण्याचं काम करता करता माझं मत याच्या नेमकं उलट झालं आहे. बागेत दाणे नकोत, पाणी हवं. तेही उन्हाळ्यापुरतं नको आणि नुसतं पिण्यापुरतं नको. पक्ष्याची तहान आपल्याला चटकन कळते, कारण ती आपल्यालाही लागते. त्याची अंघोळ मात्र आपण गंमत म्हणून बघतो; भांडं निवडताना, जागा ठरवताना, ते कधी ठेवायचं आणि कधी उचलायचं हे ठरवताना तिचा विचारच करत नाही. वाटसरूंसाठी पाणपोई लावण्याची आपली जुनी रीत आहे. खोल रांजण, सावलीची जागा, पाडव्याच्या सुमाराला सुरुवात आणि पाऊस आला की आवराआवर. माणसांसाठी ती व्यवस्था अगदी योग्य. पक्ष्यांसाठी भांडं ठेवतानाही आपल्या मनात नकळत तीच पाणपोई असते, म्हणून ते भांडं खोल निघतं, उभ्या कडांचं निघतं आणि तीन महिन्यांत उचललं जातं. पक्ष्याला हवी असते ती न्हाणी.

अंघोळ ही पक्ष्याची हौस नाही. उडणं, अंगातली ऊब राखणं, पावसात कोरडं राहणं, जोडीदाराच्या नजरेत भरणं, हे सगळं पिसांवर अवलंबून असतं, आणि पिसं ही धूळ, घाण, झीज यांनी सतत बिघडणारी वस्तू आहे. पाण्यात पंख फडफडवून पक्षी पिसं भिजवतो, मग जवळच्या फांदीवर बसून अंग झाडतो आणि एकेक पीस चोचीतून ओढून विंचरतो. शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतलं तेल चोचीने घेऊन ते पिसांना लावण्याचं कामही याच वेळी चालतं. कुठलीही नीट मांडलेली पाण्याची ताटली तासभर पाहिली तर लक्षात येतं, की पक्षी पाण्यात जेवढा वेळ घालवतो त्याच्या कितीतरी पट वेळ तो नंतर फांदीवर या कामात घालवतो. हे काम राहून गेलं तर काय होतं, याचा एक प्रयोग इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठातल्या संशोधकांनी केला; तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या भोरडीच्या कुळातल्या युरोपीय स्टार्लिंग पक्ष्यांपैकी काहींना त्यांनी अंघोळीला पाणी दिलं, काहींना दिलं नाही, आणि मग सगळ्यांना उभ्या दोऱ्यांच्या अडथळ्यातून दचकवून उडवलं. अंघोळ न मिळालेले पक्षी घाईने उडाले, पण दोऱ्यांना जास्त वेळा धडकले. शिक्रा मागे लागलेला असताना अशी एक धडक जिवावर बेतू शकते. यात आपल्याकडच्या उन्हाची भर घाला. पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात, त्यांच्या शरीराचं तापमान मुळातच चाळीस अंशांच्या वर असतं, आणि एप्रिल-मे महिन्यांत चोच उघडी टाकून धापा टाकणारी साळुंकी आपल्या श्वासावाटे अंगातलं पाणी खर्च करून स्वतःला थंड ठेवत असते.

आता दाण्यांशी तुलना करून पाहू. पुण्यासारख्या शहरात दाण्याला कोण येतं? चिमणी, पारवा, होला, क्वचित मुनिया आणि पोपट. पोळी टाकली तर कावळा आणि साळुंकी. यादी इथे संपते. शिंपी, चष्मेवाला, नाचण, दयाळ, राखी वटवट्या, सूर्यपक्षी, हळद्या, भारद्वाज यांच्यासमोर पोतंभर बाजरी ओतली तरी त्यांना तिचा काही उपयोग नाही. त्यांचं पोट कीटकांवर, फळांवर, मधावर, सरड्यांवर भरतं. खरं तर अशा पक्ष्यांना पिण्याच्या पाण्याची गरजही दाणे खाणाऱ्यांपेक्षा कमी असते. कोरडा दाणा गिळणाऱ्या चिमणीला रोज पाणी प्यावंच लागतं, तर अळी किंवा पिकलेलं उंबर खाणाऱ्याला बरंचसं पाणी अन्नातूनच मिळतं. असं असूनही चष्मेवाल्यांचा थवा ताटलीत उतरतो, बुलबुल जोडीने येतो, दयाळ बहुधा एकटा आणि बाकीची गर्दी पांगल्यावर उशिराने येतो. ते तहानेपेक्षा अंघोळीसाठी येतात, हे त्यांच्या वागण्यातही दिसतं: दोन-चार घोट आणि मग बराच वेळ फडफड. सूर्यपक्षी तर भांड्यात सहसा उतरतही नाही. तो ओल्या पानांवर अंग घासून न्हातो. त्याच्यासाठी केळ, कर्दळ, अळू यांच्या पानांवर सकाळी झारीने पाणी शिंपडलं तरी पुरतं. कोकणातल्या घरांत न्हाणीचं पाणी मागच्या अळवाला आणि केळींना सोडलेलं असतं, आणि तिथे पक्ष्यांची वर्दळ का असते, याचं उत्तर त्या ओलाव्यात आहे. तांबटासारखा फळांवर जगणारा पक्षी मात्र पाण्याला क्वचितच उतरतो, हेही सांगितलं पाहिजे. पाण्याने सगळेच पक्षी येतात असा माझा दावा नाही. दाण्याने जेवढे येतात त्यांच्यापेक्षा कितीतरी अधिक प्रकारचे येतात, एवढाच आहे.

याचा सगळ्यांत बोलका पुरावा शहरात नाही, जंगलात आहे. गोव्याच्या सीमेपलीकडे, काळी नदीच्या खोऱ्यात गणेशगुडी नावाचं गाव आहे. सुपा धरणाच्या बांधकामाच्या वेळी जिथे स्फोटकं साठवली जायची, त्या जागी आता ओल्ड मॅगझीन हाऊस हा निसर्गप्रेमींचा मुक्काम आहे आणि पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या मराठी माणसांना तो चांगला परिचयाचा आहे. तिथलं आकर्षण म्हणजे झाडीत मांडलेली पाण्याची उथळ पात्रं. शामा, नीलमणी, निळ्या रंगाचे माशीमार, नारिंगी डोक्याचा कस्तूर असे पक्षी, जे एरवी दाट झाडीत क्षणभरच दिसतात, ते तिथे माणसांपासून काही हातांवर येऊन न्हातात. हा भाग पश्चिम घाटातला, भरपूर पावसाचा. जवळ धरणाचा एवढा मोठा साठा आणि वाहती नदी. मग हे पक्षी हातभर पात्रात का येतात? मला तरी एकच उत्तर पटतं. पाणी किती आहे हा त्यांच्या दृष्टीने प्रश्नच नाही. उथळ, संथ, पाय टेकतील असं, आणि भिजलेल्या अवस्थेत चटकन झाडीत शिरता येईल असं पाणी कुठे आहे, हा प्रश्न आहे. असं पाणी जंगलातही सगळीकडे नसतं. शहरात तर नसतंच. विहिरी झाकल्या गेल्या, ओढ्यांना भिंती घातल्या गेल्या, आणि जे वाहतं आहे ते बहुतेक सांडपाणी आहे.

दाण्यांच्या विरोधात मी बोलते तेव्हा ऐकणाऱ्याला वाईट वाटतं, हे मला माहीत आहे. मूठभर दाणे टाकण्यामागची दया खरी असते आणि तिची थट्टा कुणी करू नये. पण दयेचा परिणाम काय होतो, हेही बघायला हवं. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहरात काही बागांमध्ये दीड वर्ष पाव आणि दाणे ठेवले आणि काही बागा तशाच सोडल्या. या प्रयोगाचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. खाणं ठेवलेल्या बागांत वाढले ते चिमण्या आणि ठिपकेदार होले, म्हणजे तिकडे माणसाने नेलेले पक्षी. आणि तिथला मूळचा, कीटक खाणारा एक छोटा वटवट्या कमी झाला. दाणा हा तटस्थ नसतो. तो एका गटाच्या बाजूने उभा राहतो. आपल्याकडे तो गट कोणता, हे सांगायला नको. २०२३ मध्ये आलेल्या भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीविषयीच्या अहवालानुसार पारव्यांची संख्या २००० सालानंतर दीडशे टक्क्यांहून अधिक वाढली आहे, तर ज्यांची दीर्घकाळाची आकडेवारी उपलब्ध आहे अशा जातींपैकी निम्म्याहून अधिक जाती घटल्या आहेत. मुंबईत जुलै २०२५ मध्ये एक्कावन्न कबूतरखाने बंद करण्याची वेळ आली ती कबूतरांच्या विष्ठेमुळे आणि पिसांमुळे होणाऱ्या फुप्फुसांच्या आजारांमुळे, आणि त्यावरून दादरला जो क्षोभ उसळला तो सगळ्यांनी पाहिला. मला त्या वादात कुणाच्या श्रद्धेवर बोट ठेवायचं नाही. पक्ष्यांसाठी काही करण्याची ज्यांची इच्छा आहे, त्यांनी ती इच्छा पाण्याकडे वळवावी, एवढं मात्र आग्रहाने सांगायचं आहे.

भांड्याचा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. माझ्या कामात सगळ्यांत जास्त चुका मला इथेच दिसतात. उन्हाळ्यात वाटली जाणारी मातीची बरीच भांडी चार-सहा इंच खोल आणि उभ्या कडांची असतात. चिमणी चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंत सहा इंच, शिंपी पाच, चष्मेवाला जेमतेम चार. असा पक्षी त्या भांड्याच्या काठावर बसून वाकून पाणी पिऊ शकतो, आत उतरू शकत नाही. आणि उतरलाच तर ओल्या पंखांनी उभ्या कडेवरून बाहेर येणं त्याला जड जातं. न्हाणीसाठी काठाशी पाणी जवळजवळ शून्य आणि मध्यभागी फार तर दोन इंच हवं. बोट उभं बुडवून पाहावं. दोन पेरांच्या वर पाणी आलं तर ते लहान पक्ष्यांसाठी खोल आहे. आपला वन विभाग जंगलात कृत्रिम पाणवठे बांधतो तेही बशीच्या आकाराचे, सगळीकडून उतार असलेले, म्हणजे वाघापासून सरड्यापर्यंत कुणालाही आत जाता यावं आणि बाहेर येता यावं. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून प्राणी मोजण्याची पद्धत आपल्याकडे रुजली ती उन्हाळ्यात सगळं जंगल या बशीपाशी येतं म्हणूनच. बागेत तोच नियम लहान प्रमाणात लावायचा. मोठ्या कुंडीखाली ठेवतात ती मातीची पसरट ताटली, किंवा कुंभाराकडे मिळालं तर जुन्या धाटणीचं परळ, यापेक्षा चांगलं काही नाही. माती खरखरीत असते, नखं रुततात, आणि पाणी झिरपून थंड राहतं. चकचकीत चिनी मातीवर पाय घसरतात. स्टीलचं भांडं दुपारी तापतं. दोरीने टांगलेलं भांडं हलतं, आणि हलत्या काठावर अंघोळीला बसायला बहुतेक पक्षी तयार नसतात. खोल भांडं आधीच घरात असेल तर टाकून देऊ नका. त्यात एका बाजूला दगड रचून उतार करा. त्याच दगडांवर मधमाश्याही पाणी प्यायला बसतील. आणखी एक गोष्ट स्वस्त आणि फार उपयोगी आहे: वर एक मडकं, त्याच्या बुडाला बारीक भोक, भोकात सुताची वात, आणि ताटलीत पडणारा थेंब. त्या थेंबाचा आवाज आणि पाण्यावर उठणारी थरथर झाडीतल्या पक्ष्याला लांबून कळते.

जागेबाबत दोन गरजा एकमेकींना छेद देतात. पक्ष्याला आडोसा जवळ हवा, कारण भिजलेल्या अंगाने त्याला लांब उडता येत नाही. पण आडोसा अगदी खेटून असेल तर त्यात मांजर दबा धरून बसतं. सहा ते आठ फुटांवर अडुळसा, कढीपत्ता किंवा तगर असावी, ताटलीच्या भोवती जमीन मोकळी असावी, आणि वर एखादी फांदी असावी जिच्यावर बसून आधी अंदाज घेता येईल आणि नंतर पिसं विंचरता येतील. मांजरांचा वावर असेल तर ताटली कमरेएवढ्या चबुतऱ्यावर. नसेल तर जमिनीलगत ठेवावी, म्हणजे होले, सातभाई, चिरक सहज येतात. मोठ्या काचेच्या खिडकीसमोर मात्र ती कधीच नको. काचेत दिसणाऱ्या झाडाकडे उडून आदळणारे पक्षी मरतात.

आता आक्षेपांकडे वळते, आणि पहिला आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे: डास. सोसायटीचा सेक्रेटरी पाण्याच्या भांड्याला विरोध करतो तेव्हा तो आडमुठेपणा करत नसतो. डेंगी पसरवणारा एडिस डास थोड्याशा स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो, आणि पुण्याने २०२४ मध्ये झिकाही पाहिला आहे, तोही याच डासामुळे. पण डासाचं चक्र नीट पाहिलं तर उत्तर त्यातच सापडतं. अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला आठवडा ते दहा दिवस लागतात. महापालिका आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगते ते याच हिशेबाने. जी ताटली रोज रिकामी होते तिच्यात डास पुरा होऊच शकत नाही. एक मेख मात्र ध्यानात ठेवायला हवी. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेच्या वर, भांड्याच्या आतल्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. म्हणून नुसतं पाणी ओतून नवं भरणं पुरेसं नाही. काथ्याने कडा घासायला हव्यात. घासणं रोज जमणार नसेल तर ताटली ठेवू नका, हे मी बागेच्या मालकांना स्पष्ट सांगते. निगा न राखलेलं पाणी न ठेवलेल्या पाण्यापेक्षा वाईट आहे, आणि या मुद्द्यावर मला कोणतीही तडजोड मान्य नाही.

दुसरा आक्षेप पक्ष्यांच्या बाजूने येतो: एका भांड्यात अनेकांनी न्हायचं, प्यायचं, त्यातच शिटायचं, मग रोग पसरणार नाहीत का? पसरतात. ब्रिटनमध्ये २००५-०६ पासून ग्रीनफिंच नावाचा चिमणीएवढा हिरवट पक्षी ट्रायकोमोनास या परजीवीमुळे मोठ्या संख्येने मेला आणि तिथल्या बागांतून झपाट्याने कमी झाला. हा परजीवी पारव्यांच्या आणि होल्यांच्या घशात पूर्वीपासून असतो. लाळ लागलेले दाणे आणि पाणी यांतून तो इतरांकडे जातो. तिथल्या आर.एस.पी.बी. या मोठ्या पक्षी-संस्थेने २०२५ मध्ये सपाट दाणे-थाळ्यांची विक्रीच थांबवली. हे सगळं मान्य करूनच मी पाण्याची बाजू घेते, कारण या परजीवीचा एक कच्चा दुवा आहे: तो कोरडेपणात टिकत नाही. आपल्याकडे बहुतेक महिने ऊन हे फुकटचं जंतुनाशक आहे. दोन ताटल्या घ्याव्यात. एक वापरात, दुसरी घासून दिवसभर उन्हात उपडी. दुसऱ्या दिवशी अदलाबदल. साबण नको, ब्लीच नको, पाण्यात हळद किंवा औषध तर मुळीच नको. पिसं फुगवून मरगळून बसलेले पक्षी दिसू लागले, तर दोन-तीन आठवडे पाणी बंद ठेवून त्यांना पांगू द्यावं. जानेवारी २०२५ मध्ये उदगीरला कावळे मरून पडले आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. अशा बातम्या आपल्या भागात आल्या तर ताटली उचलावी, आणि मेलेला पक्षी हाताने न उचलता पशुसंवर्धन विभागाला कळवावं.

पारवे पाण्यालाही येतात, मग दाणे बंद करून काय साधलं, असंही विचारतात. पारवे येतात, हे खरं आहे. बाकीचे बहुतेक पक्षी चोचीत घोट घेऊन मान वर करतात. पारवा आणि होला चोच बुडवून सलग ओढून पितात, आणि प्यायले की बहुधा निघतात. त्यांना ठाण मांडून बसवतो तो दाणा आणि इमारतीतले वळचणीचे कप्पे. दाणे थांबवले आणि एका मोठ्या ताटलीऐवजी झाडीच्या कडेने दोन-तीन लहान ताटल्या ठेवल्या, तर एका गटाची दादागिरी चालत नाही, लहान पक्ष्यांना संधी मिळते. ही दादागिरी खरी असते. ऑस्ट्रेलियात हजारो नागरिकांच्या नोंदींतून बागेतल्या पाणपात्रांचा अभ्यास झाला, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. शहरात आणि गावाकडे पाणी तेच, पण येणारे पक्षी वेगळे. शहरात आक्रमक पक्ष्यांचा वरचष्मा, गावाकडे लहान पक्ष्यांची संख्या चांगली. झाडाझुडपांची रचना बदलली की पाण्यावरची हजेरी बदलते.

इथूनच शेवटचा आणि माझ्या मते सगळ्यांत खरा आक्षेप निघतो. पाणी पक्षी निर्माण करत नाही. आसपास जे आहेत त्यांनाच ते आपल्या नजरेसमोर आणतं. मग श्रेय कशाचं? झाडांचं, असं मीही म्हणते. उंबर, पांगारा, काटेसावर, बकुळ, तुती नसतील, पाचोळा रोज झाडून जाळला जात असेल, दर पंधरवड्याला कीटकनाशक फवारलं जात असेल, तर कितीही सुबक ताटली ठेवा, तिच्यावर कावळा आणि साळुंकी यांच्याखेरीज फारसं कुणी येणार नाही. पण म्हणून पाणी निरुपयोगी ठरत नाही. फेब्रुवारी ते मे या कोरड्या महिन्यांतही बुलबुल, दयाळ, शिंपी यांची घरटी आणि नुकती उडू लागलेली पिल्लं असतात. शहरात त्यांना या काळात जवळचं स्वच्छ उथळ पाणी माणसानेच द्यावं लागतं, कारण त्याचे मूळचे साठे माणसानेच बुजवले. आणि कामाच्या अनुभवातून आणखी एक सांगते. ज्या बागेत पाण्याला पक्षी येतात, तिथले लोक स्वतःहून फवारणी कमी करायला सांगतात आणि लॉनऐवजी झुडपं मागतात. वटवट्या समोर न्हाताना दिसला की त्याचं खाणं म्हणजेच कीटक, ही गोष्ट वेगळी समजवावी लागत नाही. पक्षी परावलंबी होतील या भीतीत मला फारसं तथ्य वाटत नाही. ते रोज अनेक ठिकाणं फिरतात, एक बंद झालं तर दुसरीकडे जातात. गावाला जाताना शेजाऱ्यांना सांगून जावं, इतकं पुरे. राहिली पाणीटंचाई. फूटभर व्यासाच्या उथळ ताटलीत दोन लिटरपेक्षा कमी पाणी मावतं, आणि उरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी कुंडीतच ओतायचं असतं. २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, तसा दुष्काळ असला तरी हा खर्च कुणाला जड जाऊ नये.

ऋतूंविषयी मात्र पाणपोईचं वेळापत्रक सोडावं लागेल. जून ते सप्टेंबर ताटल्या खुशाल उपड्या ठेवा. तेव्हा डबकी आणि ओली पानं सगळीकडे असतात आणि डासांचाही तोच काळ असतो. पाऊस पूर्ण थांबला आणि जमीन सुकायला लागली की त्या पुन्हा भरा. याच सुमाराला उत्तरेकडून माशीमार, परीट, वटवटे येऊन पोचतात, मार्चपर्यंत मुक्काम करतात, आणि ते दाण्याला कधीच येत नाहीत. नेमक्या याच महिन्यांत बहुतेक घरांतली भांडी माळ्यावर असतात.

२० मार्चला जागतिक चिमणी दिवस असतो. तो सुरू करण्यात नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांचा पुढाकार होता, आणि त्या दिवशी गावोगावची मंडळं, शाळा, नगरसेवक मातीची भांडी वाटतात. त्या सगळ्यांना माझी विनंती आहे. यंदा कुंभाराला पसरट, खरखरीत, दोन इंचांहून उथळ अशा ताटल्या सांगा. एका घराला एक नको, दोन द्या. सोबत दाण्यांची पुडी देऊ नका. काथ्याची घासणी द्या, आणि ती रोज वापरायची आहे हे देतानाच सांगा.